शॉकअप का दमतो?

गेल्या पावसाळ्यात माझा एक माजी विद्यार्थी कोपराला पट्टी बांधून भेटायला आला. पनवेलहून पळस्पे फाटा ओलांडून तो मोटारसायकलने पेणकडे निघाला होता. एका गतिरोधकावरून गाडी उडाली आणि तेवढ्यात समोर म्हैस आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, पण मागचे चाक घसरले आणि स्वारी रस्त्यावर! "सर, ब्रेक तर महिन्यापूर्वीच नवीन बसवले होते," तो म्हणाला.

मी खाली जाऊन त्याच्या गाडीची बैठक जोराने दाबली आणि सोडून दिली. बैठक वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. मागच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर तेलाचा ओघळ होता. "हा ओघळ केव्हापासून आहे?" मी विचारले. "झाले तीन-चार महिने. दर रविवारी फडक्याने पुसतो की!"

दोष ब्रेकचा नव्हता, हे त्याच्या लक्षात आले नव्हते. मित्रांनो, शॉकअपमधील थोडे तेल गळाले, तर चाक का घसरावे? चला, पाहू.

शॉकअप म्हटले की आपल्याला बाहेरची जाड स्प्रिंग दिसते. धक्का शोषण्याचे काम तीच करते असा पुष्कळांचा समज असतो. पण स्प्रिंग धक्का शोषत नाही, फक्त साठवते. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते आणि तिच्यात स्थितिज ऊर्जा साठते. दुसऱ्याच क्षणी ती ऊर्जा परत देऊन स्प्रिंग गाडीला वर ढकलते. नुसत्या स्प्रिंगवर बसवलेली गाडी म्हणजे प्रयोगशाळेतील स्प्रिंगला टांगलेले वजन. ते दोलने करीत राहणार.

या दोलनांचा आवर्तकाल काढणे सोपे आहे. समजा, मागच्या चाकावर १०० किलोग्रॅम वस्तुमानाचा भार आहे आणि त्याने स्प्रिंग ४ सेंटिमीटर दबते. गणित केले तर असे दिसते, की आवर्तकाल ४ सेंटिमीटर लांबीच्या साध्या लंबकाइतकाच, म्हणजे सुमारे ०.४ सेकंद येतो. ताशी ४५ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला १२.५ मीटर अंतर तोडते. म्हणजे एका दोलनात ती ५ मीटर आणि तीन दोलनांत १५ मीटर पुढे जाते.

आता घर्षणाचा नियम आठवा. टायर आणि रस्ता यांमधील जास्तीत जास्त घर्षणबल हे टायर रस्त्याला किती जोराने दाबला जातो त्यावर अवलंबून असते. गाडी वर उसळते तेव्हा स्प्रिंग सैल पडते आणि हा दाब कमी होतो. उसळी मोठी असेल तर चाक रस्ता सोडूनही देते. अशा क्षणी ब्रेक चाकाला थांबवतो, पण चाक गाडीला थांबवू शकत नाही. माझ्या विद्यार्थ्याची म्हैस नेमकी त्या १५ मीटरांत आली होती.

ही दोलने मारण्याचे काम स्प्रिंगच्या आतले नळकांडे करते. त्यात तेल भरलेले असते आणि तेलात एक दट्ट्या वरखाली सरकतो. दट्ट्याला बारीक भोके असतात आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असतात. दट्ट्या सरकला की तेलाला या अरुंद वाटांमधून जावे लागते. तेलाच्या चिकटपणामुळे, म्हणजेच विष्यंदितेमुळे, विरोध होतो आणि गतीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. दोलने अशी शमवण्याच्या क्रियेला अवमंदन म्हणतात. झडपांची रचना अशी असते, की स्प्रिंग दबताना विरोध कमी आणि उलगडताना जास्त व्हावा. धक्का मऊपणे घ्यायचा आणि साठलेली ऊर्जा मात्र हळूहळू सोडायची, असा हा बेत आहे.

ही उष्णता किती? वरच्याच गाडीचा मागचा भाग १० सेंटिमीटर खाली आला, तर सुमारे ९८ ज्यूल ऊर्जा मुक्त होते. शॉकअपमध्ये २०० मिलिलिटर, म्हणजे अदमासे १७० ग्रॅम तेल आहे आणि सारी उष्णता तेच घेते असे धरू. एका धक्क्याने तेलाचे तापमान ०.३ अंशापेक्षाही थोडे कमी वाढेल. पण लागोपाठ १०० धक्के बसले, तर वाढ जवळजवळ ३० अंश होईल! प्रत्यक्षात काही उष्णता धातूला आणि हवेला जाते. तरीही खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम का लागतो, हे आता कळेल.

तेल तापले की पातळ होते आणि अवमंदन घटते. शिवाय तेलात हवा असेल तर आणखी एक संकट येते. दट्ट्या वेगाने सरकताना त्याच्या मागे दाब एकदम उतरतो आणि बुडबुडे तयार होतात. गोटी सोड्याची बाटली फोडताना दाब उतरतो आणि पाणी फसफसते, तसेच हे. फेसाळलेले तेल भोकांतून सहज निसटते आणि दट्ट्याला विरोधच उरत नाही. शॉकअप 'दमतो' तो असा.

मातीच्या शर्यतींतील मोटारसायकलींना हा प्रश्न फार भेडसावतो. पुणे, नाशिक येथे अशा शर्यती झालेल्या आहेत. या गाड्यांचे मागचे चाक सुमारे ३० सेंटिमीटर वरखाली होऊ शकते, नेहमीच्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट. त्यांना मागे बहुधा एकच मोठा शॉकअप असतो आणि त्याला जोडलेल्या डबीत सुमारे १० वातावरण दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो. तेल आणि वायू यांमध्ये सरकता पडदा असतो. वायू तेलाला सतत दाबून धरतो, म्हणून बुडबुडे सहजी होत नाहीत. दाबलेल्या वायूची ही युक्ती फ्रान्समधील द कार्बॉन या अभियंत्याने १९५०च्या दशकात रूढ केली. आज आपल्या रस्त्यांवरील अनेक साध्या गाड्यांतही असे शॉकअप असतात.

आता रोगनिदान. गाडी घरापुढे उभी करून पुढील गोष्टी तुम्हीही पाहू शकाल.

१. बैठक जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन वेळा डोलली तर अवमंदन संपत आले आहे.

२. दांडा पाहा. तेलाचा अगदी पुसट थर चालतो, पण ओघळ किंवा थेंब दिसला तर तेल अडवणारे रबरी सील फाटले आहे. कोकणातल्या दमट हवेत दांड्यावर गंज चढतो, चिखलातली रेती त्यावर बसते आणि कानशीसारखी सीलला घासते. ओघळ पुसल्याने कारण जात नाही.

३. थंड असताना शॉकअप बरा चालतो आणि तासाभराने गाडी डोलू लागते, असे असेल तर तेल जुने झाले आहे किंवा वायू निसटला आहे.

४. लहान खड्ड्यातही 'ठक्' आवाज होऊन गाडी तळ गाठत असेल, तर भार जास्त आहे किंवा स्प्रिंग कमजोर आहे. अशा वेळी स्प्रिंगखालचे कडे फिरवून 'शॉकअप कडक केला' असे म्हणतात. पण कडे फिरवल्याने स्प्रिंगचा बलांक बदलत नाही. ती आधीपासून थोडी दबून राहते, त्यामुळे गाडी तेवढी उंच बसते, इतकेच. आणि गेलेले अवमंदन तर कड्याने मुळीच परत येत नाही.

५. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने वरखाली हलवा. खडखड जाणवली तर शॉकअपच्या टोकांचे बुश झिजले असतील.

दुरुस्ती मात्र जाणत्या मेकॅनिकनेच करावी. वर सांगितलेल्या स्प्रिंगला ५ सेंटिमीटर दाबून ठेवले, तर तिच्यात सुमारे ३० ज्यूल ऊर्जा असते. ३ किलोचा दगड १ मीटरवरून पायावर पडावा, तेवढी! त्यात वायूचा दाब वेगळाच. उघडता येण्याजोग्या शॉकअपमधील वायू कारखान्यात आधी सावकाश सोडतात, मग स्प्रिंग आवळून काढतात. काळपट पडलेले तेल काढून आतील भाग धुतात, सील बदलतात. ठरलेल्या प्रतीचे नवे तेल भरून दट्ट्या हळूहळू वरखाली करतात आणि शेवटचा बुडबुडा बाहेर काढतात. नंतरच नायट्रोजन भरतात. नेहमीच्या गाड्यांचे बरेच शॉकअप मात्र कायमचे बंद केलेले असतात. ते बदलावेच लागतात, आणि दोन असतील तर जोडीने, म्हणजे दोन्ही बाजूंचा विरोध सारखा राहतो. काढलेले तेल गटारात ओतू नये. पावसाच्या पाण्याबरोबर ते आपल्या गाढी नदीतच जायचे.

हे सारे शाळेत पडताळून पाहता येईल. एका मऊ स्प्रिंगला २०० ग्रॅमचे वजन टांगा. ते खाली ओढून सोडा आणि थांबेपर्यंत किती दोलने होतात ते मोजा. मग वजन पाण्यात बुडवून, त्यानंतर एरंडेलात बुडवून तेच करा. शेवटी एरंडेलाचे भांडे शिक्षकांच्या देखरेखीखाली गरम पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. चारही आकडे वहीत मांडले की तापलेल्या शॉकअपची हकिगत तुमच्यापुढे येईल.

माझ्या विद्यार्थ्याने दोन्ही शॉकअप बदलले. परवा तो भेटला तेव्हा कोपर बरे झाले होते. मी काही बोलण्याआधीच त्याने बैठक दाबून सोडली. ती एकदाच वर आली आणि थांबली.