परवाना वहिनींच्या नावावर?

घरात नवीन धंद्याची बोलणी सुरू झाली, की आधी जागा, मग कर्ज आणि शेवटी घरातल्या बाईची सही, असा क्रम ठरलेला असतो. त्यातून धंदा हॉटेलचा असेल आणि त्याला जोडून परमिट रूम काढायची असेल, तर पुरुषमंडळी अगदी सहज म्हणून जातात, "परवाना वहिनींच्या नावावर घेऊ या." वहिनींना वाटतं, चला, आपलं नाव तरी लागतंय कुठे! पण मैत्रिणींनो, हा परवाना म्हणजे रेशनकार्ड नव्हे. सही करण्यापूर्वी तो काय आहे हे नीट समजून घ्यायलाच हवं.

माझ्या एका मैत्रिणीवर मध्यंतरी ही वेळ आली. "तू शाळेत नागरिकशास्त्र शिकवतेस, जरा बघ ना काय आहे ते," म्हणून ती कागदांची पिशवीच घेऊन आली. त्या निमित्तानं बरीच माहिती गोळा केली. तीच इथे देते आहे. दारूचा धंदा करावा की नाही, हा ज्या त्या घराचा प्रश्न. मी फक्त सहीपुरतं बोलणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या राज्यात मूळ कायदा आहे तो दारूबंदीचा, 1949 सालचा. दारू बाळगणं, विकणं आणि पिणं यांना बंदी, हा त्यातला नियम. परवाना हा त्याला अपवाद. पिणाऱ्यालासुद्धा परवाना लागतो, आणि अशा परवानेवाल्यानं बसून प्यायची जागा म्हणून ती 'परमिट रूम'. म्हणजेच हा धंदा करणं हा काही आपला हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयानंही तसं अनेकदा सांगितलं आहे. सरकारनं दिलेली ही सवलत सरकार काढूनही घेऊ शकतं. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून ती लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. मधली सहा वर्षं तिथल्या परवान्यांना काही अर्थ उरला नव्हता.

आता परवान्याचे प्रकार पाहू. परमिट रूमच्या परवान्याला 'एफएल-तीन' म्हणतात. बिअर शॉपीचा वेगळा, देशी दारूच्या दुकानाचा वेगळा. सीलबंद विदेशी दारूच्या दुकानाचा, म्हणजे ज्याला आपण वाइन शॉप म्हणतो त्याचा, 'एफएल-दोन'. या वाइन शॉपचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून दिले जात नाहीत. तेव्हा "नवीन वाइन शॉपचा परवाना काढून देतो, थोडे पैसे आगाऊ द्या," असं कोणी म्हणालं, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. असे परवाने जुन्या मालकाकडून सरकारी मंजुरीनं हस्तांतरितच करून घ्यावे लागतात.

एफएल-तीनचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करायचा. आपण अजून त्याला अबकारी खातंच म्हणतो. जिल्ह्याचे अधीक्षक छाननी करतात आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची लागते. जागेचे कागद किंवा भाडेकरार, जागेचा नकाशा, खाद्यपदार्थांचा परवाना, पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी, आणि खेडेगाव असेल तर ग्रामसभेचा ठराव, असा हा कागदांचा संसार असतो. घरगुती बेत असाच असावा, की जागा आधी तपासून घ्यायची आणि फर्निचर मागाहून. शाळा, देऊळ-मशीद, एस.टी. स्टँड यांपासून नियमानं अंतर सुटलेलं असावं लागतं, आणि ते अधिकारी प्रत्यक्ष येऊन मोजतात. रंग, दिवे, सोफे यांवर खर्च झाल्यावर जागाच नापास झाली, तर कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

महामार्गालगतच्या जागेचं तर विशेष सांभाळा. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल दिला. 1 एप्रिल 2017 ला आपल्या राज्यातली हजारो दुकानं आणि बार एका दिवसात बंद झाले. 20 हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावांसाठी ते अंतर पुढे 220 मीटर केलं, आणि जुलै 2017 मध्ये नगरपालिका हद्दीबाबत खुलासाही आला. पण त्या दिवसांत ज्यांच्या घरी हप्ते चालू होते, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा.

नावाचंही एक बंधन आहे. देवदेवता, महापुरुष, गडकिल्ले यांची नावं बारला देऊ नयेत, असा आदेश 2019 मध्ये निघाला. तेव्हा कुलदेवतेचं नाव पाटीवर घालायचा विचार असेल, तर तो सोडून द्या.

आता मुख्य मुद्दा, सहीचा. परवाना ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. रोजच्या साठ्याची नोंदवही जुळली नाही, बिअर-वाइनसाठी 21 आणि इतर दारूसाठी 25 वर्षं ही वयाची अट मोडली, 2 ऑक्टोबरला किंवा मतदानाच्या काळात शटर उघडं सापडलं, तर नोटीस येईल ती तुमच्या नावानं. "हे बघतात सगळं, मला काही माहीत नाही," हे उत्तर तिथे चालत नाही. गल्ल्यावर दीर बसणार, बँकेचा व्यवहार नवरा बघणार आणि नोटीस मात्र तुम्हाला! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय?

"बायकोच्या नावावर घेतलं की कर वाचतो," असं सांगणारेही भेटतात. पण भांडवल नवऱ्यानं बायकोला फुकट दिलेलं असेल, तर त्या प्रमाणातला नफा आयकरासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. नवरा सरकारी नोकरीत असेल, तर घरातल्या माणसाच्या धंद्याची माहिती त्याला खात्याला द्यावी लागते. आणि हिशेबही दोन ठेवावे लागतात, कारण जेवणावर जीएसटी, तर दारूवर व्हॅट.

म्हणून सही करण्याआधी घरात चार प्रश्न शांतपणे विचारा. बँकेच्या खात्यावर सही कोणाची? नोंदवही रोज रात्री मला दाखवणार का? कर्जाला तारण काय, आपलं राहतं घर तर नाही ना? आणि 31 मार्चला नूतनीकरणाचं शुल्क भरायला पैसे कुठून येणार? माझ्या मैत्रिणीनं हेच विचारलं. घरात दोन दिवस अबोला झाला. मग नवऱ्यानं कागद पुन्हा काढले आणि राहतं घर तारणातून वगळलं. परवाना तिच्याच नावावर झाला, पण खात्यावर सहीही आता तिचीच असते आणि रात्री नोंदवही तपासल्याशिवाय ती झोपत नाही.

जाता जाता, टेबलाच्या दुसऱ्या बाजूचंही सांगते. तुमच्या वॉर्डात किंवा गावात दारूचं दुकान नको असेल, तरी कायद्यानं बायकांच्या हाती काही दिलेलं आहे. 2008 च्या आदेशानुसार 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. चिन्हं दोनच, उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. नुसत्या आलेल्यांपैकी निम्मी पुरत नाहीत. म्हणून घरी राहिलेल्या बाईचं मत आपोआप उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं होतं. हे नियम वेळोवेळी बदलतात. सोसायटीच्या जागेत नवीन दुकान काढायचं तर सोसायटीची संमती लागेल, अशी घोषणा मार्च 2025 मध्ये विधिमंडळात झाली. तेव्हा अर्जापूर्वी अधीक्षकांच्या कार्यालयात ताजा नियम विचारून घ्यावा.

परवाना घ्यायचा असो की बंद पाडायचा असो, सही आणि मत दोन्ही आपलंच आहे. कागद आधी वाचा, समजला नाही तर दोनदा वाचा, आणि मगच पेन हातात घ्या.