'एकोणपन्नास' रोमन अंकांत कसे लिहावे?

लोणारच्या सरोवरावर सहल नेली, की परतल्यावर गणिताच्या तासाला चांगले साहित्य हाताशी असते. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली ती १८२३ साली. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखवले. ते उल्काघाताने झाल्याचे पुरावे १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०२० मध्ये सरोवर रामसर यादीत आले. ही चार साले विद्यार्थ्यांना रोमन संख्याचिन्हांत लिहायला सांगा.

चिन्हे सातच आहेत : I (१), V (५), X (१०), L (५०), C (१००), D (५००) आणि M (१०००). रूपांतर करताना संख्या आधी विस्तारित रूपात मांडावी आणि प्रत्येक स्थानाचे रूपांतर स्वतंत्रपणे करावे. १८२३ म्हणजे १००० + ८०० + २० + ३. त्यांची रूपे अनुक्रमे M, DCCC, XX, III. ती जोडली की MDCCCXXIII. याच रीतीने १८९६ चे M, DCCC, XC, VI मिळून MDCCCXCVI होते. १९७३ चे MCMLXXIII. (यातले ९०० साठीचे CM मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरही दिसते, तेथे १९११ हे साल MCMXI असे कोरले आहे.) २०२० मात्र चार अक्षरांत संपते : MMXX. शून्याला चिन्हच नाही, त्यामुळे त्या स्थानी काहीच लिहायचे नाही.

एककासाठी I, V, X ही चिन्हे, दशकासाठी X, L, C आणि शतकासाठी C, D, M. रचनेचा नमुना तिन्ही ठिकाणी एकच. ज्याला १ ते ९ लिहिता येतात, त्याला ३९९९ पर्यंत कोठेही अडायला नको.

तरीही मुले अडतात, आणि हमखास ४९ पाशी. उत्तर येते IL. आपण त्यावर लाल फुली मारतो. पण मुलाने विचार केलेला असतो! 'एकोणपन्नास' म्हणजे एक उणे पन्नास. L च्या आधी I लिहिला तर चुकले कोठे? इंग्रजीतून शिकणाऱ्याला 'फॉर्टी-नाइन' या शब्दातच चाळीस आणि नऊ सुटे ऐकू येतात. आपल्या मुलांना ती सोय नाही. गंमत म्हणजे लॅटिनमध्येही एकोणिसाला 'वीसातून एक कमी' अशाच अर्थाचा शब्द होता, पण लिहिण्याची रूढ रीत XIX हीच. बोलणे आणि लिहिणे वेगळे असू शकते. आपणही 'एकोणपन्नास' म्हणतो, पण लिहिताना ४ आणि ९ च लिहितो. मुलाला हेच दाखवावे : ४० चे XL, ९ चे IX, म्हणून XLIX. 'I फक्त V आणि X यांच्याच आधी येतो' हा नियम मग वेगळा पाठ करावा लागत नाही. ९९ चे IC किंवा १९९९ चे MIM का नाही, तेही यातूनच कळते.

हे नियम जुन्या काळी इतके काटेकोर नव्हते. प्राचीन शिलालेखांत ४ साठी IIII सर्रास आढळतो, घड्याळांच्या तबकड्यांवर तर आजही.

आता लोणारचे वय. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे आले होते. पुढे आरगॉन समस्थानिकांवरून केलेल्या मापनात सुमारे ५,७०,००० वर्षे आले. ३९९९ च्या पुढे M ची रांग लावणे गैरसोयीचे, म्हणून चिन्हांवर आडवी रेघ देऊन हजारपट दाखवतात. रेघेखाली LII लिहिले की ५२,००० आणि DLXX लिहिले की ५,७०,०००. आपल्या अंकांत यातली मोठी संख्या कोणती ते नुसत्या लांबीवरून कळते. रोमन पद्धतीत ती खात्री नाही : १८२३ ला दहा चिन्हे लागली, त्याहून मोठ्या २०२० ला चारच. वरची चार साले रोमन रूपातच, क्रम बदलून फळ्यावर लिहा आणि आपल्या अंकांत न आणता मुलांना चढत्या क्रमाने लावायला सांगा.