एक वेळची मेस

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून मुले गावी येतात आणि आमच्या दवाखान्यात एकच तक्रार वारंवार ऐकू येते. जिना चढला की धाप लागते, वाचायला बसले की डोळ्यांपुढे अंधारी येते. सोबत आलेले पालक म्हणतात, "जागरणं करतात, दुसरं काय!"

एम.ए.ला शिकणारी अशीच एक मुलगी वडिलांबरोबर आली. हिमोग्लोबिन ८.८ निघाले. तिच्या वयाच्या मुलीला ते किमान १२ हवे. पाळीत अंगावर जास्त जाते का, पोटात जंत आहेत का, हे पाहिले. तसे काही आढळले नाही. वडील औषध आणायला बाहेर गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मेस एकाच वेळची लावलीय. सकाळी चहा-बिस्किट, रात्री चहा, नाहीतर वडापाव. बाबांना सांगू नका."

वडिलांना वाटत होते, पाठवतो ते पैसे पुरतात. खोलीचे भाडे, परीक्षेचा फॉर्म, झेरॉक्स हे कोणाला चुकत नाही. कात्री लागते ती पोटालाच, कारण पोट पावती मागत नाही.

वाचकहो, या मुलांचा खरा वैरी चहा आहे. तो भूक मारतो आणि जेवणाच्या आगेमागे घेतला तर अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. त्यामुळे जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. उलट, उसळीवर लिंबू पिळले तर तेच लोह अधिक शोषले जाते. मूठभर हरभरे रात्री भिजत घालायला गॅस लागत नाही, मटकीला मोड आणायलाही नाही. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, भाजलेले शेंगदाणेही त्या बाबतीत कमी नाहीत. (गुळाने रक्त वाढते हा आपला समज मात्र जरा अतिच आहे.) आयांनी डब्यात चिवडा-शंकरपाळ्यांबरोबर सातूचे पीठ, मेतकूट, दाण्याची चटणी आणि फुटाणेही भरावेत. पण एकदा रक्त इतके उतरल्यावर नुसत्या आहाराने भागत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात.

पैशांचे काय? पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे. विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींच्या राहण्या-जेवणाची सोय करते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुलांना हे ठाऊक असते, पण मागायची लाज वाटते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडले होते. विद्यार्थ्याच्या पोटाची सोय हा शिक्षणाचाच भाग आहे, हे त्या माउलीला कळले होते.

पालकांनी फोनवर "जेवलीस का?" असे विचारू नये. उत्तर "हो" असेच येते. "मेस किती वेळची आहे?" असे विचारावे.

त्या मुलीची समजूत घालून तिलाच वडिलांना सांगायला लावले. ते बराच वेळ गप्प बसले. मग एवढेच म्हणाले, "आधी बोलायचंस ना, बाळा."

होळीला ती तपासायला आली तेव्हा हिमोग्लोबिन ११.३ होते. मेस आता दोन वेळची झाली आहे. विद्यापीठाच्या योजनेत रोज काही तास कामही करते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा काय खाऊ, असे विचारत होती. खोलीवर शेगडी आहे का, म्हटले. "मैत्रिणीची आहे," म्हणाली. मग पोहे कर, दाणे भरपूर घाल, वर लिंबू पीळ आणि चहा नंतर, तासाभराने.