आजीचा पाय 22, माझे टाके 64: रंगीत मोज्यांची गोष्ट

मागच्या भागात आपण सुलट-उलट टाक्यांपर्यंत आलो होतो. आज मोजे, तेही घरी रंगवलेल्या लोकरीचे. हेडफोन लावून ऐकताय त्यांनी हातातलं काम चालू ठेवा. वाचताय त्यांच्यासाठी आकडे खाली नीट दिलेत.

आमचं घर निफाडकडचं. तिथली थंडी तुम्ही बातम्यांत वाचली असेल. आजीने आम्हा सगळ्या नातवंडांचे स्वेटर विणले, पण संधिवाताने तिची बोटं आता सुई धरत नाहीत. या हिवाळ्यात तिला मोजे मी विणायचे, असं ठरवून टाकलं.

आधी लोकर. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिक असतो, त्यावर खायचा रंग चढत नाही. खरी लोकर ओळखायची तर छोटा तुकडा जपून जाळा, केस जळल्यासारखा वास येतो. मी मोज्यांसाठीची 100 ग्रॅमची पांढरी लडी घेतली, 75 टक्के मेरिनो आणि 25 टक्के नायलॉन. नायलॉन नसेल तर टाच लवकर झिजते.

केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लाल, पिवळा, निळा असे खायचे रंग आणले. लडी अर्धा तास व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात भिजवली, पिळून ताटात गोल मांडली आणि चमच्याने केशरी, जांभळा, हिरवा असे पट्टे ओतले. रंग लोकरीला धरायला आंबटपणा आणि उष्णता दोन्ही लागतात. म्हणून मग अर्धा तास वाफ दिली. पिळल्यावर पाणी स्वच्छ निघालं की समजायचं, रंग आत गेला. गरम लडीवर गार पाणी मात्र ओतू नका, लोकर आटते.

तीन रंगांत काय होणार असं वाटतंय? ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधला लहान मुलाचा एक पट्ट्यापट्ट्यांचा मोजा आहे, साधारण 1,700 वर्षांपूर्वीचा, डाव्या पायाचा. 2018 मधल्या संशोधनात कळलं की त्यातले सगळे रंग फक्त तीन वनस्पतींपासून, मिसळून मिसळून काढलेले होते.

आता खरी भानगड. मोबाईलवर एक लोकप्रिय नमुना सापडला: 2.25 मिमीच्या सुया, 64 टाके, गोल विणायचं. मी बोट पुढेमागे न करता तेच केलं. दहा सेंटिमीटर झाल्यावर बघते तर एका बाजूला नुसता केशरी ठिगळ, दुसऱ्या बाजूला जांभळा. मार लागल्यासारखा दिसत होता मोजा!

आजीने तो हातात घेतला, आत बोटं घातली आणि विचारलं, “माझा पाय मोजलास का गं?”

नव्हता मोजला.

असं का झालं ते सांगते. माझ्या लडीचा एक वेढा 130 सेंमी, त्यात तीन रंग क्रमाने दोनदा. म्हणजे दर 65 सेंमीला तोच क्रम परत. एवढ्या बारीक विणीत एका टाक्याला साधारण 1 सेंमी धागा जातो. 64 टाक्यांच्या फेरीला 64 सेंमी. मग प्रत्येक फेरीत केशरी जवळपास केशरीवरच येऊन बसणार!

आजीच्या चवड्याचा घेर भरला 22 सेंमी. मोजा पायाला धरून राहावा म्हणून घेरापेक्षा साधारण दहा टक्के कमी ठेवतात, म्हणजे 20. माझ्या हाताला एका सेंमीत 3 टाके बसतात. वीस त्रिक साठ. सगळं उसवलं, 60 टाके घातले. आता रंग दर फेरीला पाच टाके सरकतो आणि मोज्यावर तिरका वळसा घेत चढतो. तुमचा हात सैल असेल तर आकडा वेगळा येईल. दहा सेंमीचा नमुना विणून टाके मोजा, तो कंटाळा मीही केला होता.

टाचेला पुन्हा पेच. नेहमीची टाच निम्म्याच टाक्यांवर विणतात, त्यामुळे रंगांचा वळसा तुटतो. म्हणून मी टाच सगळ्यात शेवटी विणली. ही पद्धत एलिझाबेथ झिमरमन यांनी लोकप्रिय केली. त्यांचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे 1971 चं पुस्तक मिळालं तर वाचाच, कारण त्या सारखं टाके स्वतः मोजायला लावतात. टाचेच्या जागी 30 टाके वेगळ्या धाग्याने विणायचे, ते पुन्हा डाव्या सुईवर घेऊन लोकरीने विणायचे आणि नळी पुढे चालू ठेवायची. शेवटी तो धागा काढला की दोन्हीकडचे टाके मोकळे होतात, त्यावर टाच विणायची. मी ती साध्या हिरव्या लोकरीने केली. झिजली तर तेवढीच उसवून नवी घालता येते. पायाचा वरचा भाग उंच असेल तर ही टाच थोडी ओढते, ते लक्षात ठेवा.

दुसरा मोजा हुबेहूब पहिल्यासारखा आलेला नाही. वळसा वेगळ्या जागी सुरू झालाय. मी पुन्हा उसवायला निघाले होते, पण तेवढ्यात आजीने दोन्ही घालून टाकले आणि आता धुवायलाही देत नाहीये.