मोठा मासा पाण्यात परत का सोडायचा?

टेक्सासच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरात पाणी गार व्हायला लागलं की कोळंबी खाडीतून समुद्राकडे निघते. तिच्या मागावर गुडघाभर पाण्यात रेडफिश येतो, आपल्या घोळ माशाच्याच कुळातला. घरी न्यायचा तर तो २० ते २८ इंचांचा हवा. त्याहून मोठ्याला वेगळा टॅग लागतो. लहान सोडायचा हे पटतं, पण मोठा का?

कारण अंडी घालणारे मासे तेच. शरदात ते खाडीच्या तोंडाशी आणि बाहेर समुद्रात जमतात. १९८०च्या दशकात 'ब्लॅकन्ड रेडफिश'चं वेड पसरलं, तेव्हा अशाच माशांच्या झुंडी जाळ्यात गेल्या. रेडफिश ४० वर्षंही जगू शकतो. म्हणजे एक मोठी मादी सोडली, की पुढच्या कित्येक शरदांची सोय झाली.