सुटतानाचा वेग, पोहोचतानाचा वेग (लेखांक ७)

मागच्या आठवड्यात रायफलच्या नळीतल्या पेचदार खाचा पाहिल्या. आता त्या नळीत घालायचं काय? अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात काडतुसांच्या खोक्यांनी भिंत भरलेली असते आणि खोक्यांवर एक आकडा मिरवत असतो : गोळी नळीतून सुटतानाचा वेग. गिऱ्हाईक त्याला भुलतं. पल्ला शंभर-दोनशे यार्डांचा असेल तर फारसं बिघडत नाही. हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, गाठायचे असतील तर मात्र नुसत्या या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

दोन काडतुसं शेजारी ठेवू. एक .३०८ विंचेस्टर, १९५२ सालचं, नाटो सैन्यांच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाचं सख्खं भावंड. दुसरं ६.५ क्रीडमूर, हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये आणलेलं. पहिल्यात १६८ ग्रेनची स्पर्धेची गोळी (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम), दुसऱ्यात १४० ग्रेनची. दोन्ही सुटतात सेकंदाला साधारण २७०० फुटांनी. खोक्यावर पाहिलं तर बरोबरी. पण समुद्रसपाटीच्या हवेत हजार यार्डांवर क्रीडमूरची गोळी १३०० ते १४०० फुटांचा वेग राखून असते, आणि .३०८ ची ध्वनीच्या वेगाशी, म्हणजे ११०० फुटांच्या आसपास, येऊन ठेपलेली असते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा क्रीडमूरच्या गोळीला अंदाजे पावणेदोन मीटर सरकवतो, .३०८ च्या गोळीला पावणेतीन.

हे घडतं गोळीच्या ठेवणीमुळे. बॅडमिंटनचं फूल कितीही जोरात मारा, पलीकडे पोहोचेतो त्याचा दम गेलेला असतो. हवेत वेग टिकवण्याच्या गोळीच्या क्षमतेला बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणतात. वरच्या १६८ ग्रेनच्या गोळीचा तो .४६ च्या आसपास, तर १४० ग्रेनच्या लांब, निमुळत्या गोळीचा .६४ च्या आसपास. शिवाय गोळी ध्वनीच्या वेगाखाली उतरू लागली की तिच्याभोवतीचे दाब बदलतात आणि काही गोळ्या डगमगतात. १६८ ग्रेनची ती जुनी गोळी यासाठी बदनामच आहे. म्हणून जाणते नेमबाज .३०८ मधून हजार यार्डांवर १५५ किंवा १७५ ग्रेनच्या गोळ्या मारतात.

मग ६.५ मिलिमीटरचा शोध २००७ मध्ये लागला का? मुळीच नाही. स्वीडिश ६.५×५५ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं आहे. क्रीडमूरवाल्यांनी पुंगळी आखूड केली, त्यामुळे लांब गोळी दारूच्या जागेत न घुसता साध्या मॅगझिनमध्ये बसते. आणि कारखान्यातूनच आठ इंचांत एक फेरा अशा खाचांच्या नळ्या मिळू लागल्या. कल्पना जुनी, बसवणूक नवी. नावही जुनंच : न्यूयॉर्कजवळचं क्रीडमूरचं मैदान. तिथे १८७४ मध्ये अमेरिकी संघाने आयर्लंडला ९३४ विरुद्ध ९३१ असं हरवलं. अमेरिकी मागून भरायच्या रायफली घेऊन उतरले होते, आयरिश तोंडाकडून भरायच्या. नव्या तंत्राचा विजय म्हणून तो गाजला खरा, पण एका आयरिश नेमबाजाने मधोमध मारलेली गोळी शेजारच्या लक्ष्यावर लागली आणि तिचे चार गुण बुडाले, हे त्या गाजावाजात मागे पडतं.

ज्यांना आणखी ताकद हवी त्यांच्यासाठी .३०० विंचेस्टर मॅग्नम आहे, १९६३ पासून. पण त्याचा धक्का क्रीडमूरच्या जवळपास दुप्पट. अशा धक्क्याची धास्ती बसली की बोट चापावर जाण्याआधीच खांदा आक्रसतो, आणि मग बॅलिस्टिक कोएफिशंट कितीही असो, उपयोग शून्य. नळीच्या भोकाच्या मानाने दारू जास्त असली की नळीही लवकर झिजते. .३०८ ची नळी पाच हजार गोळ्या सहज काढते, क्रीडमूरची दोन-तीन हजारांत थकते, मॅग्नमची त्याहून आधी.

स्पर्धेत तर पुष्कळदा नियमच निवड करून टाकतात. एफ-टीआर गटात फक्त .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ चालतात. ऑलिंपिकमध्ये ३०० मीटरची रायफल १९७२ नंतर नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटरवर, आणि तिथे काडतूस एकच : .२२ लाँग रायफल. तिथले नेमबाज निवडतात ती खेप. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या नळीतून मारून पाहायच्या आणि जिची भोकं सर्वांत जवळ पडतील ती घ्यायची.

शिकारीत हिशेब बदलतो. अमेरिकी शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा असा, की एल्कसारख्या मोठ्या हरणाला लागताना गोळीत १५०० फूट-पाउंड ऊर्जा उरलेली हवी. शिकारीच्या गोळीसह क्रीडमूर ती ४०० यार्डांच्या आसपास गमावतं; .३०० मॅग्नम ७०० पर्यंत टिकवतं. ठोकताळाच तो, पण गोळी शरीरात फुलायला वेग लागतो हे त्यामागचं सत्य आहे. स्पर्धेची गोळी तर त्या कामासाठी बनवलेलीच नसते. आणखी एक गोष्ट कुठलंही काडतूस बदलू शकत नाही. हजार यार्ड कापायला गोळीला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं आणि काळजावर धरलेला नेम पोटात जातो. पोलादी पाटीवर चुकलं तर पुन्हा मारता येतं. जखमी एल्क रात्रभर जंगलात फिरतो. त्यामुळे हजार यार्डांवरून जनावर टिपल्याचे व्हिडिओ मला शौर्याचे वाटत नाहीत.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा इथल्या वाचकाला प्रश्न उरतो तो फक्त लक्ष्याचा. परदेशात राहून पहिली रायफल घेणाऱ्यांनी लक्ष्यासाठी ६.५ क्रीडमूर घ्यावं, आणि नळी जास्त टिकायला हवी असेल किंवा एफ-टीआरमध्ये उतरायचं असेल तर .३०८. मॅग्नमचा मोह एल्कच्या मागे जाणाऱ्यांनीच करावा, तोही खांद्याला विचारून. दुर्बिणीवर आणि सरावाच्या गोळ्यांवर रायफलइतकाच खर्च धरा. वारा कसा वाचायचा ते पुढच्या आठवड्यात.