पेठेत शिकायला आलेले परदेशी

पावसाळा सरता सरता शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर परदेशी विद्यार्थ्यांचा एखादा घोळका हमखास दिसतो. अंगात नवे कोरे कुर्ते आणि समोर भराभरा माहिती सांगणारं कुणीतरी. पायाभरणी १७३० साली, वास्तुशांत १७३२ साली, दोन्ही मुहूर्त शनिवारचे. १८२८ च्या आगीत वाडा गेला, तटबंदी आणि जोती उरली. मग दुपारी मेंदी, संध्याकाळी साडी नेसण्याचं प्रात्यक्षिक, दुसऱ्या दिवशी बॉलिवूड नृत्य. झालं ओरिएंटेशन! यात वाईट काही नाही, पण पुण्याला याहून पुष्कळ चांगलं जमत होतं.

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचं भारतातलं बिऱ्हाड डेक्कन कॉलेजात होतं. पैसा आला तो पीएल ४८० या अमेरिकन धान्यपुरवठा कायद्यातून. रेशनवर आपण जो अमेरिकन गहू नावं ठेवत खाल्ला, त्याची किंमत अमेरिकेला रुपयांत मिळाली होती आणि ते रुपये बरेचसे इथेच खर्चायचे होते. त्यातला काही भाग अभ्यासकांच्या वाट्याला आला. पुढे १९६९ पासून असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट या अमेरिकन महाविद्यालयांच्या संघाने आपले पदवीचे विद्यार्थी पुण्यात पाठवायला सुरुवात केली. ही विशी-बाविशीतली मुलं येण्याआधी तिकडेच मराठीचे धडे गिरवत आणि इथे आल्यावर पुणेकर कुटुंबांत राहत.

खरी शाळा त्या घरांत भरे. बादली-तांब्याने अंघोळ, दाराबाहेर चपला, उजव्या हाताने जेवण, उष्ट्या हाताने भांड्याला न शिवणं. दुपारी एक ते चार कुणाच्या दाराची बेल वाजवू नये, हेही तिथेच कळे. अमेरिकेत खोलीचं दार लावून बसणं ही साधी गोष्ट. इथे दार लावलं की काकू दोनदा विचारून जाणार, बरं वाटत नाही का? आई-वडिलांचा पगार विचारणाऱ्या शेजाऱ्यांना काय उत्तर द्यायचं, हे कोणत्याही माहितीपत्रकात नसतं. त्यासाठी चार महिने एकाच घरात राहावं लागतं.

बाकीचा अभ्यासक्रम शनिवार पेठेत चालत चालत होतो. नदीकाठी ओंकारेश्वर. गणपतीच्या आधीचे काही आठवडे त्याच काठाने ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, आणि ढोल कमरेला बांधून पाहिल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व. १९५३ साली सुरू झालेला हा महोत्सव २०१७ पर्यंत अनेक वर्षं रमणबाग शाळेच्या मैदानावर भरायचा. भारतीय बैठकीवर तासन् तास बसून ख्याल ऐकणं, मध्येच वडा-चहा घेऊन येणं, जागेसाठी सतरंजीवरून हुज्जत घालणं! एवढं एकत्र शिकवणारा दुसरा वर्ग मला ठाऊक नाही.

पण पेठ म्हणजे महाराष्ट्र नव्हे, हे त्या मुलांना कुणीतरी सांगायलाच हवं. पेठेतल्या घरांतून समाजाचा एकच थर दिसतो. शनिवारवाड्यापासून चालत थोड्याच अंतरावर, बुधवार पेठेत भिडे वाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली तिथे मुलींची शाळा काढली. ती मोडकळीला आलेली वास्तू स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडली गेली. शनिवारवाडा पाहून परत फिरलेल्याला ती जागा दाखवली नाही, तर त्याने अर्धं पुणेच पाहिलं. कार्लटन कॉलेजच्या प्राध्यापक एलिनॉर झेलियट यांनी हा दुसरा अर्धा भाग जन्मभर अभ्यासला. आंबेडकरी चळवळीवरचा त्यांचा प्रबंध १९६९ चा. मॅक्सीन बर्नसन तर फलटणच्या बोलीचा अभ्यास करता करता फलटणकरच झाल्या, भारतीय नागरिकत्व घेतलं आणि तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी केली. जई निंबकरांच्या साथीने त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तकंही तयार केली. मेंदीच्या वर्गातून अशी माणसं घडत नाहीत.

आता मुक्काम आखूड झाले आहेत. काही आठवड्यांच्या सहलीवजा अभ्यासक्रमात भाषेला वेळ उरत नाही, आणि इंग्रजीवर भागतं म्हणून कुणाचं अडतही नाही. माझ्या मते खरा तोटा इथेच आहे.

घरात असा विद्यार्थी ठेवणार असाल तर दोन गोष्टी करा. तो आल्यापासून २४ तासांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे त्याची नोंद ऑनलाइन करा. कायद्याने ती घरमालकाची जबाबदारी आहे. आणि तो अडखळत मराठीत बोलू लागला, तर कृपा करून लगेच इंग्रजीत उत्तर देऊ नका.